गुणाजी तांडेलाची पुतळी

पळसाच्या काड्यांचा माणूस तयार झाला. डोक्याच्या जागी नारळ, अंगात गुणाजीचा जुना सदरा. भटजी शेवंतीला म्हणाले, "खाडीचं पाणी आणा, बाई. मग अग्नी देऊ."

शेवंतीनं तांब्या उचलला. हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या. घटकाभरात त्याही फुटायच्या होत्या.

अशा कामाला बायका येत नाहीत. पण कल्याण बंदरावर त्या सकाळी तिघी आल्याच होत्या आणि त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती. बारा वर्षांपूर्वी गुणाजी तांडेल गवतानं भरलेला मचवा घेऊन मुंबईला निघाला. आभाळ भरलं होतं. तिघे खलाशी नको नको म्हणत होते. "मी आहे ना रे!" म्हणाला, झालं. मचवा उलटला. या तिघींचे नवरे दोन दिवसांनी पाण्यावर आले. गुणाजी काही सापडला नाही.

सगळं बंदर त्याच्या नावानं बोटं मोडत होतं. मग लोकच म्हणाले, जाऊ द्या, तोही त्यांच्याबरोबर गेला ना! तेवढ्या एका गोष्टीवर शेवंती या वस्तीत तोंड वर करून राहिली. आणि गंमत बघा, तीच ते मानायला तयार नव्हती. प्रेत नाही तर मरण कसलं? मधे स्वराज्य आलं, बंदरात गाळ साचला, माल मोटारींनी जाऊ लागला. ही बाई मात्र रोज भरतीला धक्क्यावर हजर. देवाकडे एकच मागणं, माझं माणूस परत दे. वेडीच म्हणा ना.

आता मुलगी लग्नाची झाली होती. शीलाला मागणी आली ती कुणाकडून, तर आवडाबाईकडून. त्या तिघींतलीच एक. तिनं तोंडावर सांगितलं होतं, "तुझा दादला माझ्या माणसाबरोबर गेला, म्हणून तुझी पोर करते गो. पण अगोदर त्याचं कर." शीलाचा जीव आवडाबाईच्या मुलावर जडला होता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग पुतळी जाळून त्याचे दिवस करतात; तीही भरली होती. शेवंतीकडे आता सबब उरली नव्हती.

ती पायऱ्या उतरली. खाली कोनगावाकडची होडी नुकतीच लागली होती. माणसं उतरून गेली, एक दाढीवाला तेवढा मागे राहिला. एक गुडघा वर घेऊन, त्यावर हनुवटी टेकून बसलेला. शेवंतीच्या हातून तांब्या निसटला. दाढीत चेहरा पार बुडाला होता, पण ते बसणं तिनं घरात रोज पाहिलेलं होतं.

"शेवंते," तो हळूच म्हणाला. "मी पोहून निघालो गो. त्यांना सोडून निघालो. मग तोंड दाखवायची छाती होईना."

जिताजागता. मागितला होता तसा. त्याच्या गळ्यात पडून रडावं असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी त्याला पाण्यात लोटून द्यावं असंही वाटलं.

"शेवंते, कोण गो तो?" वरून आवडाबाईनं विचारलं.

शेवंतीनं वाकून तांब्या उचलला, भरला.

"कोण नाय," ती म्हणाली. "वाटसरू हाय."

वर येईपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. धाकटा दीर मारुती पलिता धरून उभा होता. त्याच्याच्यानं तो पुढे करवत नव्हता.

"वहिनी, अजून बघ. थांबायचं असलं तर थांबू."

"पेटवा, भावजी."

काड्या चटकन धरल्या. सदरा जळाला. आवडाबाईनं दगड घेऊन तिच्या बांगड्या फोडल्या आणि लगेच तिला पोटाशी धरलं. तेव्हा शेवंतीनं असा हंबरडा फोडला की भटजींचे मंत्रसुद्धा अडखळले.

"रड, विहीणबाई, रड," आवडाबाई म्हणाली. तिनं पदरानं शेवंतीचे डोळे पुसले आणि खाली होडीकडे बोट दाखवलं. "बघ तरी, कोण कुठला वाटसरू, पण तुझ्या माणसाला हात जोडून उभा हाय."