हयवदनचा केसपेपर

“मला वाचता येतं गं,” म्हणत पुष्पावतींनी केसपेपर विद्यासमोर धरला.

वर नाव होतं हयवदन नरसिंहराव, वय एकोणतीस. खाली डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं : अश्लील चित्रफिती पाहण्याची सवय, चार वर्षांपासून.

विद्याचा चेहरा पांढराफटक पडला. “आत्या, माझ्या पर्समध्ये हात कशाला घातलास?”

“रेशन कार्ड शोधायला. सापडलं हे!”

आईबाप गेल्यापासून पुष्पावतींनीच भाचीला राजाजीनगरच्या या दोन खोल्यांत वाढवलं होतं. विद्या टेलिफोन ऑफिसात लागली, तिथे हयवदनची ओळख झाली. वर्षभर दोघं दर शनिवारी भेटत होती. मुलगा आपल्यातला, शांत. म्हणून पुष्पावतींनीही आडकाठी केली नव्हती. श्रावणात बोलणी करायची होती. आणि आता ही घाण!

“मोडून टाक,” त्या म्हणाल्या.

“नाही मोडणार.”

“असली खोड सरणावर जाईपर्यंत सुटत नाही.”

“सुटते. पाच महिने झाले. मध्ये एकदा पाय घसरला, पण पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. सुटणार, आत्या. मी ठरवलंय.”

“तू ठरवून काय होतंय?”

बोलता बोलता पुष्पावतींना आठवलं. ब्याण्णव साली हौसेनं घेतलेला व्हीसीआर विद्याने शेजारच्या देवाप्पाला फुकट देऊन टाकला होता. बिघडलाय म्हणाली होती. देवाप्पाकडे तर तो छान चालत होता.

“हयवदन इथे चहाला यायचा, म्हणून दिलास होय? अगं, कुणाकुणाच्या घरातले उचलून देशील?”

विद्याने केसपेपर त्यांच्या हातातून घेऊन पर्समध्ये ठेवला.

“त्यावर शनिवारची तारीख आहे. मीही दवाखान्यात येणार. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय हे लग्न नाही.”

विद्याने पर्सची चेन लावली. मग म्हणाली, “सरी, ठीक आहे. ये.”

शनिवारी दवाखान्यात हयवदन आधीच येऊन बसला होता. त्यांना पाहून तो उठला.

“या अक्का, बसा.”

“अक्का म्हणू नकोस. लाज नाही वाटत?”

विद्या काही बोलणार, तोच हयवदन म्हणाला, “रागवा, अक्का. पण लाजून घरी बसलं तर सुटणार कसं? या पायऱ्या चढायलासुद्धा धैर्य लागतं.”

“वा! स्वतःचे पोवाडे स्वतःच गा!” पुष्पावतींनी आवाज खाली आणला. “गौरीला आले होते, तेव्हा तुझ्या घरी व्हीसीआर पाहिला. तो का ठेवलायस अजून?”

“लग्नाआधी काढणार आहे.”

“आजच का नाही?”

“आज तो कुणाला छळत नाही, अक्का.”

“ऐकलंस?” पुष्पावती विद्याकडे वळल्या. विद्याचे डोळे भरले होते. “हा असा! सोड याला. याच्यासमोरच सांगते.”

“सोडून जायचं असतं तर पहिल्याच दिवशी गेलो असतो,” हयवदन म्हणाला. “वर्ष लागो, दोन लागोत, मी दर शनिवारी इथे येणार. पुन्हा चुकलं तर पुन्हा येणार.”

पुष्पावती पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघू लागल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत मुलांना शिकवलं होतं. पाटी दहादा पुसूनही अकराव्यांदा गिरवायला बसणारं मूल त्यांना लांबून ओळखू यायचं. अशा मुलाला त्यांनी कधी नापास केलं नव्हतं.

“बरं,” त्या पुटपुटल्या. “जा आत. नीट सगळं सांग डॉक्टरांना. काही लपवू नकोस.”

तेवढ्यात दार उघडलं. कंपाउंडरने हाक मारली, “हयवदन! हयवदन नरसिंहराव!”

हयवदन जागचा हलला नाही. “कागदावर नाव तेवढं माझं आहे, अक्का,” तो हळूच म्हणाला.

“आले,” म्हणत विद्या उठली, डोळे पुसले आणि एकटीच आत गेली.