वाळूवरचा दिवा

"पडदा ओढ," स्वयंपाकीण लौरी म्हणाली. तिच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच थांबली होती.

मार्गेडनं आधी खिडकीबाहेर पाहिलं. पाहायला नको होतं. दिवेलागणीची वेळ होती. खाडीचं पाणी ओसरून वाळू उघडी पडली होती, आणि त्या करड्या वाळूवरून एक इवलासा दिवा पलीकडच्या चर्चकडे चालला होता. हळूहळू, जमिनीलगत. धुक्यात तो निळसर दिसत होता. धरणारं कुणी दिसत नव्हतं.

त्या निवासी शाळेतलं कुणी वारलं, की त्याची शवपेटी याच वाटेनं खाडीपार नेत. पेटीच्या आधी दिवा त्या वाटेनं जातो, हे त्या किनाऱ्यावर पोराटोरांनाही ठाऊक होतं. मोठा तांबडा असला तर पुरुष. पांढरा असला तर बाई. इवलासा निळसर असला तर लेकरू.

वर, आजाऱ्यांच्या खोलीत, नऊ वर्षांचा इद्वल घशानं पडला होता.

भांडी घासणारी बेती मुसमुसायला लागली. लौरीनं तिला गप्प केलं. मोठ्या सरांच्या कानावर जायला नको होतं. मोठे सर इंग्लंडचे. वेल्श माणसांच्या असल्या समजुतींची त्यांना मजा वाटे. मागे माळ्यानं दिवा पाहिल्याचं बोलून दाखवलं, तर त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर त्याला विचारलं होतं, त्यात तेल कोण घालतं? पोरं अजून त्याला तेलवाला म्हणून चिडवत. माळी तेव्हापासून कशाबद्दलच बोलत नसे.

मार्गेडनं पडदा ओढला आणि ती वर गेली. मुलांची दुखणीखुपणी पाहणं हे तिचं काम होतं.

इद्वलचा थोरला भाऊ गेथिन दुपारभर जिन्यात बसून होता. डॉक्टर कधी येणार, हे त्यानं तिला विचारून विचारून भंडावलं होतं. डॉक्टर खाडीपलीकडे, चर्चशेजारी राहत. भरती यायची आहे, माणूस सकाळी पाठवू, असं मोठे सर म्हणाले होते, तेच तिनं त्याला सांगितलं होतं. आता जिना रिकामा होता. अभ्यासाला गेला असेल, तिच्या मनात आलं. बरं झालं. पुढचं त्यानं बघायला नको.

खोलीत किटलीची वाफ भरली होती. इद्वलचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. मार्गेडनं चमच्याच्या दांड्यानं त्याची जीभ दाबली. घशात मागे राखाडी पापुद्रा धरला होता. सकाळी तो एका बाजूला होता, आता दोन्हीकडे पसरला होता.

घटसर्प तिनं पूर्वी पाहिला होता. त्याची भीती ओळखीची होती. तिच्यावर कामाचा उतारा चाले. आजची भीती वेगळी होती. बाहेर वाळूवर निकाल लागून गेला होता आणि ती मात्र किटलीत पाणी ओतत होती. तरी ती ओतत राहिली.

मग इद्वलला ठसका लागला. ओठ काळेनिळे पडले, डोळे पांढरे झाले. मार्गेडनं त्याला मांडीवर पालथं घातलं आणि घशात बोट घातलं. ओल्या चामड्यासारखं काहीतरी बोटाला लागलं, ताणलं गेलं, सुटलं. क्षणभर काहीच नाही. मग पोरानं लांब श्वास आत घेतला आणि तो मोठ्यानं रडला. दोन दिवसांत त्याचा असा आवाज फुटला नव्हता.

तो झोपल्यावर ती खाली आली. तिला हसू येत होतं.

"पोर तगलं, मावशी. दिवा चुकला."

लौरी पाव कापत होती. "दिवा चुकत नसतो गं, पोरी," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

इतक्यात मोठे सर स्वयंपाकघराच्या दारात आले. ते इकडे कधी येत नसत. गेथिन जेवायच्या बाकावर नाही, ते म्हणाले. शाळेत कुठंच नाही. आणि तबेल्यातला लहान कंदील जागेवर नाही.

बेतीनं ओल्या हातांनी तोंड दाबून धरलं.

"वाळूवर उजेड दिसला का कुणाला?"

मार्गेडनं पडदा सारला. बाहेर वाळू नव्हती. काळं पाणी आवाराच्या भिंतीला येऊन लागलं होतं, आणि पार चर्चपर्यंत कुठेही उजेड नव्हता.

"दिसला होता," ती म्हणाली.

"मग हाक का नाही मारलीत?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

लौरीनं सुरी खाली ठेवली.

"त्या दिव्याला हाक मारत नाहीत, सर."