चार इंची भिंत

तोतारामआबांनी पाठ चेंबरच्या भिंतीला टेकवली आणि जरा वेळाने काढून घेतली. भिंत गार नव्हती.

पलीकडे केळी पिकत होती, सोळा अंशांवर. अलीकडे जळगावचा मे महिना होता. मधे चार इंचांची भिंत. दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये ठासून भरलेला फोम. त्यातून थंडी बाहेर येत नाही आणि ऊन आत जात नाही. आबांचा मुलगा चंदन दिल्लीच्या व्यापाऱ्यांना ती भिंत थोपटून दाखवायचा. "बाहेर वणवा पेटला तरी आतल्या मालाला पत्ता लागत नाही," म्हणायचा. व्यापारी माना डोलवायचे. भिंतीशी बसलेला म्हातारा त्यांना दिसायचा, पण म्हातारा काही माल नव्हता.

आबा आणि त्यांची बायको कुंदाबाई चेंबरला खेटून असलेल्या खोलीत राहायचे. खोलीही पत्र्याचीच, पण एकेरी. माणसाच्या खोलीला फोमचा खर्च कोण करतो? सकाळी दहालाच छत तापायचं. लोखंडी खाट चटका द्यायची. कुंदाबाई गोधडी भिजवून तिच्यावर अंथरायची, ती बघता बघता कडकडीत वाळायची. आबांनी छतावर केळीची पानं आणि ओली गोणपाटं टाकली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. चंदनने ती काढायला लावली. फाटकातून शिरलं की झोपडपट्टी दिसते, म्हणाला. पिंप्राळ्याच्या माझ्या बंगल्याचा वरचा मजला झाला की तुम्हाला तिकडे नेतो, असंही म्हणाला. वरचा मजला दोन वर्षं होतच होता.

पूर्वी इथे आबांची केळीची बाग होती. ती तोडून त्याच जागेवर चेंबर उभं राहिलं. म्हणजे तसं पाहिलं तर आबा अजून आपल्याच बागेत राहत होते.

"चंदन, आबाले घडीभर आत बसू दे ना," कुंदाबाई एकदा म्हणाली. "दुपारपुरतं. कोपऱ्यात बसतीन."

"आई, मशीन बसवणारा काय म्हणाला होता? आत एक माणूस थांबला की शंभरचा बल्ब लावून ठेवल्यासारखं. माल एकसारखा पिकत नाही." मग तो आबांकडे वळला. "आणि हे तर तुम्हीच शिकवलंय मला."

ते खरंच होतं. चेंबर नव्हतं तेव्हा आबा जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत गवत अंथरून केळी पिकवायचे. लहानगा चंदन उन्हातून खेळून यायचा आणि त्या गार अंधारात जाऊन लपायचा. आबा त्याला कान धरून बाहेर काढायचे. "माणसाची ऊब फळाले लागते. काम नही तं आत जायचं नही." पोराने धडा चांगला पाठ केला होता.

आबा उठून पुन्हा भिंतीशी जाऊन बसले. मालाची काळजी त्यांनाही होतीच. केळीवाल्याच्या हाडातच ती असते.

त्या आठवड्यात पारा सेहेचाळीसवर गेला. दुपारी कुंदाबाई माठातलं पाणी घेऊन आली, तर आबा भिंतीला पाठ लावून बसलेले, डोळे उघडे. अंग पत्र्यासारखं तापलेलं. तिने तांब्या तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं. तिने भिंतीवर हात आपटले, चंदनला हाका मारल्या. चंदन तिघा व्यापाऱ्यांना आत घेऊन माल दाखवत होता. गिऱ्हाइकाची ऊब केळीला बाधत नसावी. भिंत चांगली होती. आत काही ऐकू गेलं नाही.

आबांची लेक रूपा मस्कतला होती. "मी आल्याशिवाय नेऊ नका," ती फोनवर रडत म्हणाली. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. शहरात मयत ठेवायला एकही शीतपेटी रिकामी मिळेना. उन्हाने बरीच माणसं गेली होती. बर्फाच्या लाद्या आणल्या. आबांच्या खोलीत, त्या पत्र्याखाली, दिवस मावळायच्या आत वितळून गेल्या.

चंदनचं बापावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. तो ढसाढसा रडला. मग तोंड धुतलं आणि चेंबरवर काम करणाऱ्या सुपडूला बोलावलं.

"तीन नंबरचं चेंबर उघड. क्रेट एका बाजूला घे. आबांना आत ठेवू."

सुपडू घुटमळला. रोज ऐकून ऐकून एक वाक्य त्याच्या तोंडात बसलं होतं, तेच बाहेर आलं. "भाऊ, मालाले ऊब लागीन ना?"

चंदनने आबांच्या कपाळावर हात ठेवला. बर्फाने ते गार पडलं होतं.

"नाही लागणार," तो म्हणाला.

चौघांनी आबांना उचललं. दार उघडताच पिकल्या केळीच्या वासाची गार हवा बाहेर आली. कुंदाबाईच्या तोंडावर ती लागली, अख्ख्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच. क्रेटच्या दोन रांगांमध्ये सतरंजी अंथरून आबांना निजवलं. माणसं बाहेर आली. कुंदाबाई पदर सावरत दाराशी गेली, एक पाय आत टाकला.

"मी बसते त्याहिच्यापाशी. मयताले एकटं ठेवत नही रे."

चंदनने तिचा दंड धरला, हलकेच, अगदी मायेने, आणि तिला मागे घेतलं.

"तू बाहेरच थांब, आई. तुझी ऊब लागेल."