कोरडं पिंप

“पाणी गेलं कुठं?” शेरडं राखणाऱ्या धुळाबामामांनी काठी आपटली. “मोकळ्या माळाखालचं पिंप ओसंडतंय आणि बंदीच्या उताराखालचं कोरडंठाक! पाच वर्षं शेरडं अडवून हेच मिळवलंत, सरपंचबाई?”

बंदीनं पाणी वाढतं हे दाखवायला, उतारावरून वाहून येणारं पाणी मोजते म्हणत दोन्ही पिंपं मीच पुरली होती. कालचा पाऊस दोन्हीकडं सारखाच झोडपून गेला. पिंपाला भोक असेल म्हणून आतून हात फिरवला. भोक नव्हतं. आता उद्याच्या ग्रामसभेत चराईबंदी उठणार, हे नक्की.

मामा वळल्यावर मी ठरवलं, कोरड्या पिंपात चार बादल्या ओतून द्याव्यात, कुणाला कळतंय! बंदीच्या पायथ्याला जुना आड आहे. पाणी खोल, म्हणून तिकडं कुणी फिरकत नाही. मला तेच हवं होतं. वीस हात दोर घेऊन गेले.

तीन हात दोर सुटला आणि बादली पाण्यावर आपटली.

मी खुळ्यासारखी एकदा हिरव्या उताराकडं, एकदा खांद्यावर उरलेल्या दोराकडं बघत राहिले. मामा अजून पांदीच्या वाटेतच होते.

“मामा, माघारी या,” मी ओरडले. “पाणी इथं आलंय.”