पंधरा आकडे

धारच्या दवाखान्यात एक पांढरा पॉमेरेनियन होता, त्याचे दोन मालक, दोन प्रमाणपत्रं आणि एक स्कॅनर. दोन्ही प्रमाणपत्रं २००६ सालची, दोन्हींवर पंधरा आकडे. शरदच्या कागदावर शेवटचे चार २२८६, विनोदिनीबाईंच्या ७१४०. कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिच्यातला आकडा ज्याच्या कागदाशी जुळेल, कुत्रा त्याचा.

शरद देवासहून नवी साखळी घेऊनच आला होता. "मॅडम, हा आमचा शेरूच, पक्का. दिवाळीत इथल्या बस स्टँडवर फटाके वाजले अन् हा भागून गेला."

"वय?" डॉक्टर इरावतीने विचारलं.

"तीन. नाही, चार असेल."

"वय ठाऊक नाही, साखळी मात्र मापाची," विनोदिनीबाई म्हणाल्या. "देवासात कुत्रे संपले वाटतं? हा माझा बंड्या."

"काकीजी, माझी पोरगी किमया अजून रोज त्याची वाटी धुऊन ठेवते."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "हे गेल्यापासून घरात बोलायला एवढाच उरलाय, बाळ," त्या इरावतीला म्हणाल्या.

कुत्रा त्यांच्या मांडीवर होता. गळ्यात लाल कापडाचा शिवलेला ताईत, पाठीवर बाईंचा तळवा.

"पाठीला हात लावू देत नाही तो. पुढूनच बघ."

इरावतीने स्कॅनर गळ्याजवळ नेला. तो वाजला. शेवटचे चार आकडे ७१४०.

"मशीन खराब असेल भैया... मॅडम. एक बार फिर लावा ना!"

"झालं ना समाधान?" बाई कुत्र्याला उचलून उठल्या.

इरावतीने आकडा नोंदवला आणि पेन तसंच धरून ठेवलं. चिप खांद्यांच्या मधे टोचतात. कधीकधी ती सरकते, पण थेट गळ्याखाली आलेली तिने पाहिली नव्हती.

"काकू, ताईत जरा काढते."

"काढायचा नसतो तो. दृष्टीचा आहे. आमच्याकडे सगळ्या जनावरांना बांधतात."

"लगेच परत बांधते."

शरद दाराशी उभा होता. बाई खाली बसल्या.

इरावतीने ताईत टेबलावर ठेवला आणि कुत्र्याला चार फुटांवरच्या वजनकाट्यावर उभं केलं. त्याने पाठीला हात लावू दिला.

स्कॅनर दोन्हींवरून तीन-तीनदा फिरवला.

कुत्रा: २२८६. ताईत: ७१४०.