पेशंटच्या सवयी

हृदयरोग वॉर्डाबाहेर बाकावर पाय पसरून बसलेल्या टुणटुणीत म्हाताऱ्याला गाठून नर्स फॉर्म भरू लागली.

“विडी-सिगारेट?”

“दिवसाला साठ. आजारी असलो तर चाळीस.”

“तळलेलं?”

“तेल ठिबकलं नाही तर ताट भिरकावतो.”

“राग?”

“मनात ठेवत नाही बाई. आला की घरच्यांवर काढायचा आणि मोकळं व्हायचं.”

“काका, अटॅक कधी आला तुम्हाला?”

“मला कशाला येतोय? पेशंट आमची ही. आत आहे.”

कपाळाला हात लावत नर्सने नवा फॉर्म घेतला. विडी नाही. तळलेलं नाही, उरलंसुरलं खाते. गावची शेती आणि शहरातलं लेकाचं घर, दोन्हीकडे राबते, म्हणजे व्यायाम भरपूर. राग?

“बेचाळीस वर्षांत आवाज चढवला नाही हो तिनं.”

नर्सने लिहिलं, ‘आजाराचं कारण आढळत नाही.’ खाली म्हाताऱ्याने झोकात सही ठोकली.