उभ्या कापाची धार

उद्धवरावांनी चेनसॉची साखळी चाकणच्या दुकानात मन्सूरभाईंच्या पुढ्यात टाकली. “उभ्या कापाची धार लावा. फळ्या काढायच्यात.” “कुठलं झाड?” कानस उचलत मन्सूरभाईंनी विचारलं. “बांधावरचा साग, दोघा भावांचा. आमी सांगवीला राहतो, धाकटा भाऊ गावात. त्याचा भरवसा न्हाई. एकटाच पाडून विकंल, म्हणून आदी मीच पाडतो. इकडं आलता का तो?” भिंतीवर टांगलेल्या साखळ्या उद्धवराव निरखत होते. “गिऱ्हाइकांचं कोण लक्षात ठेवतं, राव.” “आला तर मी आलतो म्हणू नका.” “नाही म्हणणार.” सकाळीच मन्सूरभाईंनी धाकट्यालाही हाच शब्द दिला होता. त्याच्या बोथट साखळीतून झाडलेले सागाचे तंतू अजून जमिनीवर होते. फळ्या काढायला लाकूड उभं चिरताना निघतात तसे, शेवेसारखे लांब. उद्धवरावांचे पाय त्यांच्यावरच होते. धार लागताच ते घाईनं निघाले. चपलेला चिकटून एक तंतू त्यांच्याबरोबर बाहेर गेला.